१९०९ आणि डीएनडी: नोंदणी पाच मिनिटांची, खरा जोर तक्रारीत

‘डीएनडी लावलंय तरी कॉल येतातच, मग उपयोग काय?’ नको असलेले जाहिरातीचे कॉल-मेसेज थांबवण्यासाठीच्या १९०९ या सेवेबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. डीएनडी (‘डू नॉट डिस्टर्ब’) म्हणजे फोनभोवती घातलेलं कुंपण, अशी समजूत करून घेतली की निराशा ठरलेलीच. प्रत्यक्षात ती एक यादी आहे. जाहिरातीचे कॉल करणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांनी ज्यांना कॉल करायचा ते नंबर आधी या यादीशी ताडून बघायचे आणि यादीत सापडलेले गाळून मगच कॉल करायचे, असा नियम आहे. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, जुलै २०१८ मध्ये केलेल्या नियमावलीत ही व्यवस्था घट्ट केली आणि फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तिला आणखी धार आणली.

अडचण अशी, की यादी बघतो तो नियम पाळणाराच. साध्या दहा अंकी सिमवरून दिवसभर ‘सर, पर्सनल लोन हवंय का’ विचारणारा माणूस कुठलीच यादी बघत नाही. त्याच्यापुढे तुमची नोंदणी असून नसल्यासारखी. त्याच्यावर चालतं ते या सेवेचं दुसरं अंग, म्हणजे तक्रार. आणि नेमकं तिकडेच लोक वळत नाहीत. म्हणून या सेवेला गुण द्यायचे तर नोंदणीला दहापैकी सहा आणि तक्रारीला, नीट केली तर, आठ.

नोंदणीचं आधी उरकून घेऊ. ज्या सिमवर शांतता हवी आहे त्याच सिमवरून १९०९ ला एसएमएस पाठवायचा. इंग्रजीत ‘स्टार्ट’, एक जागा मोकळी, मग शून्य. पैसे पडत नाहीत. थोड्या वेळात पुष्टीचा मेसेज येतो. तो आला नाही तर नोंदणी झाली असं धरू नका. १९०९ ला कॉल करूनही हेच होतं, आणि मोबाइल कंपनीच्या ॲपमध्येही डीएनडीचा पर्याय असतो. दोन सिम असतील तर दोन्हींची नोंदणी वेगवेगळी करावी लागते. इथे बरेच जण चुकतात: एसएमएस डेटाच्या सिमवरून जातो आणि कॉल येत राहतात दुसऱ्या सिमवर.

सगळं बंद नको असेल तर गट निवडता येतात. बँक-विमा-कर्ज-क्रेडिट कार्ड, घरं-जमिनी, शिक्षण, आरोग्य, घरगुती वस्तू आणि वाहनं, दूरसंचार-मनोरंजन-आयटी, पर्यटन, खाद्यपदार्थ असे हे आठ गट. त्याशिवाय कुठल्या वारी, दिवसाच्या कुठल्या वेळेत आणि कुठल्या प्रकारे (माणसाचा कॉल, रेकॉर्ड केलेला कॉल, एसएमएस) चालेल हेही ठरवता येतं. गट निवडायचे असतील तर एसएमएसच्या भानगडीत पडू नका, ॲपमधून करा. एसएमएसमध्ये ‘हा गट बंद’ आणि ‘फक्त हाच गट चालू’ यात गोंधळ होतो आणि नको त्याला दार उघडलं जातं. ॲपमध्ये प्रत्येक गटापुढची स्थिती डोळ्यांनी दिसते. अर्थात बहुतेकांनी सरसकट बंद करावं हेच बरं. ओटीपी, खात्यातून पैसे गेल्याचा मेसेज, तिकिटाची माहिती हे काहीच त्याने अडत नाही, कारण ती जाहिरात नव्हे.

सरसकट बंद करूनही एक फट उरते, ती म्हणजे संमती. एखाद्या ॲपमध्ये नाव नोंदवताना किंवा दुकानात बिल करताना ‘आमच्या ऑफर कळवू का’ या चौकटीत खूण झाली असेल, तर त्या एका कंपनीपुरता डीएनडी बाजूला पडतो. संमती मागण्यासाठी १२७ ने सुरू होणारे शॉर्टकोड (छोटे क्रमांक) ठेवलेले आहेत. अशा क्रमांकावरून विचारणा आली आणि ती कशासाठी आहे हे कळलं नाही, तर होकार देऊ नका. दिलेली संमती मागे घेता येते. तशी ती घेतल्यावर त्या कंपनीने ९० दिवस पुन्हा विचारायचं नाही, असा २०२५ चा नियम आहे.

आता मेसेजकडे जरा जवळून बघा. कंपनीकडून आलेल्या एसएमएसला नंबर नसतो, नाव असतं. आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग कंपनीचं सहा अक्षरांचं नाव, मग पुन्हा रेघ आणि एक अक्षर. पहिल्या दोन अक्षरांतून मोबाइल कंपनी आणि सर्कल (दूरसंचाराचा विभाग) कळतं. कामाचं अक्षर शेवटचं. ‘पी’ म्हणजे जाहिरात, ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी. डीएनडी पूर्ण लावलेला असताना, संमती दिलेली नसताना ‘पी’चा मेसेज आला तर तो तक्रारीलायक आहे. आणि ‘एस’ किंवा ‘टी’च्या आडून सेलची जाहिरात आली, तर ती जास्तच तक्रारीलायक. मधलं सहा अक्षरी नाव (त्याला हेडर म्हणतात) कोणाचं आहे हे ट्रायच्या हेडर शोधण्याच्या पोर्टलवर बघता येतं. तक्रारीत कंपनीचं खरं नाव लिहायला त्याचा उपयोग होतो.

तक्रार करायला कॉल किंवा मेसेज आल्यापासून सात दिवसांची मुदत आहे. २०२५ आधी ती तीनच दिवस होती, आणि रविवारी फोनबुक आवरायला बसणाऱ्यांच्या निम्म्या तक्रारी बाद होण्याजोग्या असायच्या. दुसरा बदलही तितकाच मोठा आहे: नोंदणी न केलेल्या टेलिमार्केटरविरुद्ध तक्रार करायला तुमचा डीएनडी लावलेला असलाच पाहिजे, ही अट आता नाही.

तक्रारीत चार गोष्टी हव्यात. तुमचा नंबर, समोरच्याचा नंबर किंवा हेडर, तारीख आणि कॉल कशाबद्दल होता ते. एसएमएसने करायची तर १९०९ ला असं पाठवायचं: आधी मजकूर, स्वल्पविराम, समोरचा दहा अंकी नंबर, स्वल्पविराम, मग तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने, मध्ये तिरक्या रेघा. लिपी रोमन आणि अंक इंग्रजी ठेवा. मजकुराच्या जागी नुसतं ‘स्पॅम’ लिहिलं तर तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. ‘अमुक बँकेच्या नावाने पर्सनल लोनची ऑफर, संमती दिलेली नाही, दुपारी तीनच्या सुमारास’ एवढं लिहिलं की पुरतं. जाहिरातीच्या मेसेजची तक्रार असेल तर तो मेसेज जसाच्या तसा चिकटवा.

पुढे काय होतं हे माहीत असलं की तक्रारी का बाद होतात तेही कळतं. तक्रार आधी तुमच्याच मोबाइल कंपनीकडे जाते. ती आपल्या कॉलच्या नोंदींत बघते, की त्या तारखेला त्या नंबरवरून या नंबरवर खरंच कॉल आला होता का. नोंद सापडली तर प्रकरण समोरच्याच्या मोबाइल कंपनीकडे जातं. सापडली नाही तर तिथेच संपतं. म्हणून दोन सिमच्या फोनमध्ये कॉल ज्या सिमवर आला त्याच सिमवरून तक्रार गेली पाहिजे. म्हणूनच एक अंक चुकला, की मेहनत वाया. रात्री बाराच्या आसपासच्या कॉलची तारीख नीट बघून लिहा. आणि म्हणूनच व्हॉट्सॲपवरच्या कॉलची तक्रार १९०९ वर टिकत नाही, कारण तो कॉल मोबाइल कंपनीच्या नोंदींत कॉल म्हणून उमटतच नाही. त्याला व्हॉट्सॲपमध्येच ‘रिपोर्ट’ करायचं.

पाच हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. गेल्या दहा दिवसांत पाच वेगवेगळ्या लोकांनी एकाच कॉल करणाऱ्याविरुद्ध तक्रार केली, की त्याच्यावर कारवाईची पायरी गाठली जाते. आधी ही पायरी सात दिवसांत दहा तक्रारींची होती. पहिल्यांदा दोषी ठरला तर त्याच्या सगळ्या लाइनींचं आउटगोइंग १५ दिवस बंद. पुन्हा सापडला तर सगळ्या जोडण्या वर्षभरासाठी तोडायच्या आणि नाव काळ्या यादीत, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडे जाऊनही सोय नाही. नोंदणी नसलेल्यांवर कारवाई करायला मोबाइल कंपन्यांना पूर्वी ३० दिवस मिळायचे, आता पाच. हे कागदावरच राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने असा आदेश दिल्यावर काही आठवड्यांतच कंपन्यांनी २ लाख ७५ हजारांवर जोडण्या तोडल्या आणि ५० संस्था काळ्या यादीत गेल्या.

याचा अर्थ असा, की तुमची एकटी तक्रार सहसा नंबर बंद पाडत नाही, पण ती पाचातली एक असते. सोसायटीच्या ग्रुपवर एकच नंबर चौघापाचांना छळत असल्याचं दिसलं, तर तिथे फक्त ‘हा ब्लॉक करा रे’ लिहून थांबू नका. ज्यांना ज्यांना कॉल आला त्या प्रत्येकाने आपापल्या सिमवरून त्याच आठवड्यात तक्रार टाकावी. ब्लॉक जरूर करा, पण तक्रारीनंतर. ब्लॉकने तुमची सुटका होते, त्याचं काम मात्र चालूच राहतं. शिवाय काही फोनांत ब्लॉक केलेल्याचे कॉल मुख्य यादीतून वेगळ्या कप्प्यात जातात आणि मग नंबर-वेळ शोधत बसावं लागतं.

तक्रार नेमकी व्हावी म्हणून कॉलवर काय बोलायचं, हेही सांगायला हवं. कॉल उचलल्यावर दोन-तीन सेकंद पलीकडे शांतता असेल तर समजा, की मशीन कॉल करतंय. असं मशीन एकाच वेळी अनेक नंबर फिरवतं आणि जो उचलेल तो मोकळ्या असलेल्या माणसाकडे जोडतं. माणूस मोकळा नसेल तर नुसती शांतता आणि मग कट. ‘माझा नंबर कुठून मिळाला’ यावर वाद घालून हाती काही येत नाही, पलीकडे समोरच्या स्क्रीनवर फक्त यादी असते. त्याऐवजी दोनच प्रश्न विचारा: कुठल्या कंपनीकडून बोलताय, आणि कशाबद्दल. उत्तर मिळालं की ठेवून द्या, तक्रारीचा मजकूर तयार झाला. रेकॉर्ड केलेला आवाज ‘कॉल नको असल्यास नऊ दाबा’ म्हणत असेल आणि नंबर साधा दहा अंकी असेल, तर काही दाबू नका. दाबलं की नंबर चालू आहे आणि माणूस ऐकतो आहे, हे त्यांना आयतं कळतं.

ट्रायचं डीएनडी ॲप एसएमएसपेक्षा सोयीचं आहे, निदान अँड्रॉइडवर. ओटीपीने आत गेलात की कॉल आणि मेसेजची यादी समोर येते, हवा तो निवडायचा, मजकूर भरायचा, पाठवायचं. नंबर टाइप करावा लागत नाही, त्यामुळे अंक चुकण्याचा प्रश्नच मिटतो. तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि तिचं पुढे काय झालं तेही तिथेच दिसतं. त्याबदल्यात ॲपला कॉलची यादी आणि एसएमएस वाचायची परवानगी द्यावी लागते. ती नको असेल त्याने एसएमएसचा रस्ता धरावा, काम तेच होतं. आयफोनवर ॲपला कॉलची यादी वाचता येत नाही. तिथे सेटिंग्जमध्ये फोनच्या पानावर ‘एसएमएस/कॉल रिपोर्टिंग’ असा पर्याय आहे, त्यात हे ॲप निवडायचं. मग अलीकडच्या कॉलच्या यादीत त्या नंबरवर डावीकडे बोट सरकवलं की ‘रिपोर्ट’ येतं. हा पर्याय चालू केलेला नसतो म्हणून आयफोनवाले ॲपला नावं ठेवतात. पण एरवीही त्यात सहजपणा कमी आहे, हे मान्य करावं लागेल.

नंबर कशाने सुरू होतो ते बघायची सवयही फार उपयोगी पडते. १४० ने सुरू होणारा कॉल जाहिरातीचा. नोंदणीकृत टेलिमार्केटरला हीच मालिका दिलेली आहे. काही अँड्रॉइड फोनांत ‘१४० ने सुरू होणारे सगळे’ असं ब्लॉक करता येतं, तसं खुशाल करा. १६०० ने सुरू होणारी मालिका सेवा आणि व्यवहाराच्या कॉलसाठी आहे, आणि बँका-विमा कंपन्यांना तिकडे वळण्यासाठी ट्रायने टप्प्याटप्प्याच्या मुदती घालून दिल्या आहेत. ही मालिका ब्लॉक करू नका, कार्डावर संशयास्पद व्यवहार झाल्याचा कॉल इथूनच येऊ शकतो. मात्र १६०० वरून बोलणाऱ्यालाही ओटीपी किंवा पिन सांगायचा नाही. उरला साधा दहा अंकी नंबर. त्यावरून जाहिरात करणं हेच मुळात नियमाबाहेरचं आहे, म्हणून असा प्रत्येक कॉल तक्रारीला पात्र.

फोनमधल्या सोयींबद्दल थोडक्यात. गूगलच्या फोन ॲपमध्ये ‘कॉलर आयडी आणि स्पॅम’ खाली संशयित कॉल गाळण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवायला हरकत नाही. आयफोनमध्ये २०१९ पासून अनोळखी कॉल गप्प करण्याचा पर्याय आहे, तो मात्र जपून वापरा. तो स्पॅम ओळखत नाही, अनोळखी तेवढं सगळं गप्प करतो. कुरिअरवाला, शाळेचा लँडलाइन, दवाखान्यातून दुसऱ्याच्या फोनवरून आलेला निरोप, सगळेच त्यात जातात. घरात कोणी आजारी असेल किंवा नोकरीच्या मुलाखती चालू असतील तर तो बंदच बरा. एअरटेलने सप्टेंबर २०२४ पासून संशयित कॉलवर नेटवर्ककडूनच सूचना दाखवायला सुरुवात केली, त्यासाठी वेगळं ॲप लागत नाही.

ट्रूकॉलरवर दिसणारं नाव म्हणजे ओळखपत्र नव्हे. ते लोकांनी दिलेल्या माहितीवर उभं असतं. ‘स्पॅम’ म्हणून शेकडो लोकांनी खूण केलेली असेल तर त्यावर विश्वास ठेवा, ‘बँक मॅनेजर’ असं नाव दिसलं तर त्यावर ठेवू नका. याच्यापेक्षा भरवशाची सोय म्हणजे सीएनएपी. त्यात सिम घेताना कागदपत्रांवर जे नाव दिलं तेच कॉल येताना दिसतं. ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिची शिफारस केली. मुलाचं सिम वडिलांच्या नावावर असेल तर वडिलांचंच नाव दिसणार, एवढं ध्यानात ठेवायचं.

आता एक सीमारेषा, आणि ती ओलांडताना चूक महागात पडते. १९०९ आहे ती जाहिरातीच्या त्रासासाठी. ‘केवायसी अपडेट करा’, ‘दोन तासांत नंबर बंद होईल’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले’ असले कॉल फसवणुकीचे असतात. त्यांची जागा चक्षू. ही सोय मार्च २०२४ पासून दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर आहे, आणि जानेवारी २०२५ पासून संचार साथीचं मोबाइल ॲपही आहे. गेल्या ३० दिवसांतला कॉल, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप संदेश तिथे कळवता येतो, स्क्रीनशॉट जोडता येतो. ट्राय कोणालाही फोन करून नंबर बंद करण्याची धमकी देत नाही, तेव्हा तसा कॉल आला की पुढचं ऐकायची गरजच नाही. परदेशातून येऊनही भारतीय नंबर दाखवणारे कॉलही संचार साथीवर वेगळे कळवता येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये असे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा सुरू झाली तेव्हा पहिल्या २४ तासांत तिने १ कोटी ३५ लाख कॉल ओळखून अडवले होते, यावरून या धंद्याचा आवाका कळतो.

पैसे गेलेच असतील तर ना १९०९ ना चक्षू. थेट १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा, तोही लगेच, कारण पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा असते. चक्षूवर कळवलं म्हणजे पोलिसांत तक्रार झाली, असा समज करून लोक मोलाचा वेळ घालवतात.

कोणी अनोळखी माणूस बोलता बोलता स्टार किंवा हॅशने सुरू होणारा कोड दाबायला सांगत असेल, तर तो बहुधा तुमचे कॉल त्याच्या नंबरवर वळवायला बघतोय. त्यातून कॉलवर सांगितला जाणारा ओटीपी त्याच्या कानात पडतो. या चालीमुळेच कोडने कॉल वळवण्याची सोय कंपन्यांना १५ एप्रिल २०२४ पासून बंद करायला लावली. तरी शंका असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडून बघा. तिथे ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर काढून टाका.

घरातल्या वयस्कर माणसाच्या फोनवर हे सगळं लावून देताना क्रम असा ठेवा. आधी त्यांच्याच सिमवरून स्टार्ट-शून्य आणि पुष्टीची वाट. मग स्पॅम गाळण्याचा पर्याय चालू, पण अनोळखी कॉल गप्प करण्याचा बंद. डॉक्टर, औषधवाला, गॅसवाला, शेजारी यांचे नंबर नावानिशी साठवलेले. तक्रार त्यांच्याच सिमवरून जायला हवी. तेव्हा आठवड्यातून एकदा, सात दिवस उलटायच्या आत, त्यांचा फोन हातात घ्या, दहा अंकी नंबरवरून आलेले अनोळखी कॉल त्यांना विचारून बघा, आणि जाहिरातीचा निघेल तो तिथल्या तिथे १९०९ ला कळवा.